सातवं पिंप आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, या द्राक्षमळ्याचा तिसऱ्या पिढीतला मालक, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांच्या दाखल्यात ‘पंचेंद्रिये शाबूत’ असं छापील वाक्य होतं, ते मीच त्यांना खोडायला लावलं. माझं नाक आणि जीभ चार वर्षांपूर्वीच्या तापात गेली. ताप उतरला तेव्हा नाकापुढे कांदा चिरला तरी कळेना. हे आज पहिल्यांदाच कबूल करतो आहे. छातीच्या दुखण्याने महिना-दोन महिनेच दिले आहेत, आता लाजायला वेळ उरलेला नाही.

कलम एक. घर मुलाला. स्वयंपाकघराचं छप्पर गळतं, हे तो मला दहा वर्षं सांगतो आहे. यापुढे स्वतःलाच सांगावं.

कलम दोन. मळा मुलगा आणि मुलगी यांना निम्मा-निम्मा. मधे कुंपण घालू नये. छाटणीची कात्री मुलाला. छाटणीत त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी त्याला कधी बोललो नाही.

कलम तीन. शेजारच्या मळेवाल्याला काही नाही. माझी शिडी त्याच्याकडेच आहे, ती ठेवून घ्यावी. मागून मागून माझं तोंड दुखलं.

कलम चार. तळघर, त्यातली अकरा पिंपं, काचेची नळी आणि खडू मुलीला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

आमच्या घरची रीत अशी की बाटल्या भरण्याआधी कर्ता माणूस सकाळी उपाशीपोटी तळघरात उतरतो, प्रत्येक पिंपातून नळीने घोटभर वाइन काढतो, चाखून थुंकतो आणि पिंपावर खडूने खूण करतो. उभी रेघ म्हणजे भरायची, फुली म्हणजे व्हिनेगरला. खूण होईपर्यंत कोणी ब्र काढायचा नाही. माझी मुलगी चौदाव्या वर्षी डोळे मिटून सांगायची, घोट कुठल्या पिंपातला आहे ते.

तापानंतरच्या पहिल्या चाखणीत मला काही म्हणजे काही कळलं नाही आणि मी ते लपवलं. सातव्या पिंपावर रेघ ओढू लागलो. मुलगी मागून म्हणाली, “बाबा, थांबा. याला बुरशीचा वास येतोय.”

“तुला सर्दी झालीये. मधे बोलू नकोस.”

तिने ग्लास माझ्या नाकाशी धरला. “तुम्हाला येत नाहीये? खरंच?”

मुलगा आणि पिंपं बांधणारा आमचा पिंपवाला ऐकत उभे होते. मी तो ग्लास भिंतीवर फेकला.

वाइन भरली गेली आणि पेट्याच्या पेट्या परत आल्या. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की सातवं पिंप धुणं हिचं काम होतं, हिने अंगचोरी केली. तिने ते धुतलं होतं, वाळवलं होतं, बुरशी धरू नये म्हणून आत गंधक जाळलं होतं. मी स्वतः पाहिलं होतं. ती त्याच आठवड्यात घर सोडून गेली. आता साबणाच्या कारखान्यात वास पारखते. मी फोन करतो, ती उचलत नाही. का उचलावा?

त्यानंतर मी पिंपवाल्याला सोबत चाखायला लावू लागलो. त्याच्या कपाळाला आठी पडली की फुली. पाहुण्यांना माझ्या दिवंगत बायकोचे शब्द पाठ म्हणून दाखवतो, “आलुबुखार, जुनं चामडं, शेवटी मिरी,” आणि ते माना डोलावतात. यंदा नेमका चाखणीच्या वेळी पिंपवाला आजारी होता. अकराही खुणा मी अंदाजाने केल्या आहेत.

काल मी एक जुनी बाटली उघडली, ज्या वर्षी पिंपापिंपांतली वाइन मुलीने स्वतः मिसळली होती त्या वर्षाची. त्याहून चांगली रेड वाइन या तळघरात झालेली नाही. रंग अजून गडद, कडेला किंचित विटकरी. तोंडात घोळवली, तर नुसतं पाणी. मुलाला विचारलं, “कशी आहे?” म्हणाला, “छान आहे, बाबा.” पुढे त्याला सांगता येईना. मला त्याच्यासमोरच रडू आलं.

कलम पाच. सातव्या पिंपात मुलीचा काडीचाही दोष नव्हता. खोटं मी बोललो. हे कलम मळ्याच्या फाटकावर लावावं, आणि मी जिवंत असतानाच लावावं.

कलम सहा. या कागदाने माझ्या मरणाची वाट पाहू नये. पिंपवाल्याने प्रत आजच मुलीच्या हाती द्यावी. पोरी, बाटल्या भरायला एकोणीस दिवस आहेत. माझ्या खुणा पुस आणि तुझ्या कर. अकराच्या अकरा फुल्या आल्या तरी चालतील. माफी मागायला मला तोंड नाही. फक्त ये, चाख, आणि कशी झाली आहे ते मला सांग. दुसऱ्या कोणाकडून मला ते कळणार नाही.

ठिकाण: तळघर, दाराजवळचं टेबल.
तारीख: आजची, सकाळी नऊ.
सही: मळ्याचा मालक

साक्षीदार पहिला: डॉक्टर. सही करणारे शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरा: पिंपवाला. सही करण्याआधी एक लिहितो. त्या वर्षी सातव्या पिंपाची एक फळी मी बदलली होती. लाकूड ओलं होतं, मला ठाऊक होतं. पोरगी सामान घेऊन निघाली तेव्हा मी फाटकाशीच उभा होतो आणि गप्प बसलो. मालकांनी हे आत्ता वाचलं. म्हणाले, “हेही तूच सांग तिला,” आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.