सातव्या प्रकरणाची तपासणी

सोमवार, ३ मार्च

तळटीपांनी डोकं उठलं! नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी एका लेखात स्वतःचाच हवाला एकतीस वेळा दिलाय. लेखाचा विषय — नम्रता. संचालकांना दाखवलं. म्हणाले, "निम्मे उडवा, पण त्यांना कळू देऊ नका."

दुपारी नवं हस्तलिखित टेबलावर आलं. लेखक चर्चमधले एक निवृत्त पाळक. लोक पाळकाजवळ येऊन मनातलं ओझं उतरवतात, ते ऐकणाऱ्याने पुढे त्याचं काय करायचं — असा विषय. बारा प्रकरणं, प्रत्येकात एक खरी हकीगत. बायबलमधले संदर्भ नेटके आहेत, भाषाही बरी. स्वल्पविरामांचा मात्र नुसता सडा पडलाय.

मंगळवार, ४ मार्च

तीन प्रकरणं झाली. स्वल्पविराम वेचून वेचून बोटं दुखली.

बुधवार, ५ मार्च

आजपासून ओळख-तपासणी. आमच्या प्रकाशन संस्थेचा नियमच आहे — हकीगत ज्याची, त्याची लेखी संमती हवी. ती बंद पाकिटात, संचालकांच्या कपाटात. नावं, गावं, नाती लेखकाने बदललेली असतात. मी एवढंच बघायचं, की त्या माणसाच्या घरच्यांनी पुस्तक वाचलं तर त्यांना ओळख पटेल का? पटत असेल तर हकीगत बाहेर.

हा नियम मीच लिहिलाय, नऊ वर्षांपूर्वी. एका पुस्तकातली खाष्ट सासू खुद्द त्या सासूनेच ओळखली आणि कार्यालयात येऊन आम्हा सगळ्यांची हजेरी घेतली, तेव्हापासून.

पहिल्या सहा हकिगती निर्धोक. पाळकांनी बदल चोख केलेत.

शुक्रवार, ७ मार्च

सातवं प्रकरण. दोन भाऊ, वडील अंथरुणाला खिळलेले. थोरल्याने तीन वर्षं सगळं केलं. धाकटा दुसऱ्या शहरात, नोकरीत बुडालेला. शेवटचे तीन दिवस वडील सारखं विचारत होते — धाकटा कधी येतोय? थोरला दर वेळी सांगायचा, "फोन केलाय. निघालाय." फोन केलाच नव्हता. पुढे पाळकांना म्हणाला, "तीन वर्षं मी काढली. शेवटचे तीन दिवस तरी माझ्या एकट्याचे असावेत असं वाटलं."

इथवर ठीक. असे भाऊ कुठेही सापडतील.

पुढच्या परिच्छेदात — वडील एका पायाची चप्पल उशीखाली ठेवून झोपत. आपल्याला न विचारता कुणी दवाखान्यात हलवू नये म्हणून.

डाव्या पायाची. निळी. पट्टा दोनदा शिवलेला. आईची!

शनिवार, ८ मार्च

काही वाचलं नाही. कपाट आवरलं.

रविवार, ९ मार्च

शांतपणे लिहायचं ठरवलंय.

अकरा वर्षं झाली. आई ताईकडे, मी इथे. तेव्हा परिषदेचा जाडजूड ग्रंथ छपाईला जायचा होता. मी ताईला म्हटलं होतं, "अगदीच गरज पडली तर बोलाव." शनिवारी सकाळी फोन आला, तोवर सगळं संपलं होतं. ताई म्हणाली, "शेवटी शुद्धच नव्हती गं. कुणाचंच नाव घेतलं नाही."

तेव्हापासून मी धरून चालले की चूक माझी. माझ्या त्या एका वाक्यामुळे तिने बोलावलं नाही. आणि ताईने कधी बोलून दाखवलं नाही, हा तिचा मोठेपणा! वाढदिवसाला फोन, "बरी आहेस ना," "हो, तू?" — झालं. तिच्यासमोर मान वर करायची लाज वाटायची म्हणून तिच्याकडे जाणंच सोडलं. आणि तिने ते सोडू दिलं.

ताईचा राग आला. अतोनात. भांडी घासताना एक बशी फुटली. मुद्दाम नाही, पण वाईटही वाटलं नाही.

आणि तरी — आई माझी वाट बघत होती. तीन दिवस माझंच विचारत होती. हे मला आता कळतंय, आणि तेही कुणा अनोळखी पाळकाच्या परिच्छेदातून. तो परत परत वाचतेय. चुकाही दिसत नाहीत त्यातल्या.

सोमवार, १० मार्च

संचालकांकडे सातव्या प्रकरणाचं पाकीट मागितलं.

"ते उघडायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"माझा."

"मग?"

परत वळले. मागून संचालक म्हणाले, "सातवं काढू नका बरं का. पुस्तकाचा कणा आहे तो."

आहेच. प्रकरणाच्या शेवटी पाळकांनी विचारलंय — अशी कबुली देवापाशी दिली की पुरते, की ज्याचा अपराध केला त्याच्यापाशीही द्यायला हवी? उत्तर दिलेलं नाही. बाहेरच्या समीक्षकाने समासात लिहिलंय, "लेखकाने भूमिका घ्यावी."

समीक्षकाला काय जातंय लिहायला!

मंगळवार, ११ मार्च

उपाय तसा सोपा. चप्पल बदलायची. पाळकांना एक ओळ कळवली की झालं.

चष्मा लिहिलं. खोडलं. काठी लिहिलं. खोडलं. किल्ल्या. त्याही खोडल्या. चप्पल काढली की ते कुणाचेही वडील होतात. काम म्हणून तेच तर हवं! पण हात वळेना. त्या अख्ख्या पुस्तकात आईचं असं तेवढंच होतं.

पानं मांडणारी डोकावली. "काय हो बाई, एका ओळीला अख्खा दिवस?"

"अवघड आहे ओळ."

"आमच्याकडे आली की सरळ होईल," म्हणाली, आणि हसत गेली.

ताईचाही विचार केला. हे तिने कुणा परक्याला सांगितलं. सांगताना कशी बसली असेल? रडली असेल का? ती रडते तेव्हा आधी खोकते. तीन वर्षं आईला उचलून बसवत होती, पाठीचं दुखणं तेव्हापासूनचं. मी दोनदा गेले होते. दोनदाच. हेही लिहून ठेवते.

बुधवार, १२ मार्च

अहवाल दिला. अकरा हकिगतींपुढे — "ओळख पटत नाही." सातव्यापुढे — "ओळख पटते, एकाच व्यक्तीला. तिची हरकत नाही. मजकुरात बदल नको."

संचालकांनी दोनदा वाचलं. "ही व्यक्ती कोण?"

"मी."

 त्यांनी चहा मागवला, आणि माझा थंड होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. भला माणूस.

गुरुवार, १३ मार्च

ताईला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर उतरवून घेतलं होतं, तीन मुद्दे. पहिलाही सुरू झाला नाही. ताई आधी खोकली. मग म्हणाली, "वाचलंस ना? संमती देताना मी पाळकांना एकच अट घातली होती — पुस्तक तुझ्याच संस्थेकडे द्या. म्हटलं, आमची धाकटी एकही ओळ सोडत नाही."