गॅरेजवर थांबलेला ठिपका

प्रिय भिंगरी,

दीड वर्षानं तुला लिहितोय, आणि सभा गाजवणाऱ्या तुझ्या बापाला पहिलं वाक्य सुचत नाही. म्हणून आधी बातमी सांगतो. आईच्या गाडीतला तो संपर्काचा डबा मी काढून टाकला. डॅशबोर्डच्या मागे असतो, लहानशा पुस्तकाएवढा. गाडी कुठे गेली, किती वेळ थांबली, सगळ्या चहाड्या कंपनीला सांगत बसतो. तू आईला गाडी घेऊन दिलीस, तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत सलत होता.

मिस्त्री डॅशबोर्डखाली डोकं घालून स्क्रू सोडवत होता आणि मी बाहेर उभा राहून त्याला गुलामगिरीचा इतिहास ऐकवत होतो. शेवटी आतून आवाज आला, "काका, भाषण जरा थांबवा आणि तो दहाचा पाना द्या." दिला. डबा निघाला आणि त्याबरोबर शेजारच्या सीटकडचा स्पीकरही मुका झाला. त्याची वायर त्याच डब्यातून जाते म्हणे. आई मला सभांना सोडायची तेव्हा मी बसायचो, ती बाजू.

त्याच संध्याकाळी सभेत मी डबा उंच धरला. माझ्या संमतीशिवाय मला पाहण्याचा हक्क कुणालाही नाही, असं गरजलो. टाळ्या थांबेनात. घरी येऊन डबा टेबलावर ठेवला. सांगायला घरात कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी जावईबापूंचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात. "बाबा, गाडी विकलीत का हो? तुम्ही बरे आहात ना?" मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं. आईनं नकाशावरचा गाडीचा ठिपका तुझ्या फोनवर जोडून दिला होता आणि ती गेल्यावरही तू तो काढला नाहीस. रोज सकाळी दात घासण्याआधी बघतेस. ठिपका हलला की म्हणतेस, "उठले म्हातारबुवा." रविवारी म्हणतेस, "आजही चार ते पाच फाटकाशीच." आता तीन दिवस तो गॅरेजवर थांबलाय आणि तू धड जेवत नाहीस.

म्हणजे तुला ठाऊक होतं. आई त्या हॉस्पिटलात शेवटचे श्वास घेत होती, तेव्हा मी व्यासपीठावर फोन बंद करून बोलत होतो. तू सतरा वेळा फोन केलास. नंतर मला जे बोललीस, त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि मी त्यावरही वाद घातला. तेव्हापासून दर रविवारी त्या हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी लावून बसतो. आत जायला पाय उचलत नाहीत. हे कुणालाच माहीत नाही, असं समजत होतो.

काल मिस्त्रीकडे धावलो. डबा बसवून देतो म्हणाला, पण डबा काढल्यावर कंपनीकडे बंद झालेलं गाडीचं खातं पुन्हा सुरू करायला मालकिणीची संमती लागते. खातं आईच्या नावावर आहे. आयुष्यभर संमतीवर बोललो गं मी.

म्हणून हे पत्र. उद्यापासून रोज एक कार्ड टाकीन. त्यात माझी बाजू मांडणार नाही, फक्त कुठे होतो तेवढं लिहीन. वाचून फाडलंस तरी चालेल. आजचं सांगतो: सकाळभर घरी. चार ते पाच फाटकापाशी. फोन चालू होता.

तुझाच,
बाबा