पान सतरा

मनोरी,
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

चि. चेतना हिस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बाबांचा गुडघा आता कसा आहे? जिना चढतात का? त्यांना माझा जय भीम सांग.

हाताने लिहिलेलं पत्र बघून हसशील. काय करू, गुरुवारपासून तीनदा मोबाइलवर लिहिलं आणि तीनदा पुसलं. तुला फक्त ‘मेसेज डिलीट केला’ एवढंच दिसलं असेल. कागदावरचं पुसायला मला धीर होत नाही, म्हणून कागद घेतला.

इकडे सगळं ठीक. आयने बोंबील वाळत घातलेत आणि दिवसभर कावळ्यांशी भांडतेय. रोज विचारते, “ती मुलुंडची पोर का नाय येत गो आता?” मी सांगते, कामात आहे. तुला घरी बसवलंय हे तिला सांगितलेलं नाही.

ऑफिसात तुझ्या टेबलावरच्या मनीप्लँटला मी पाणी घालते. काल चंद्रप्रकाश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “विनिता मॅडम, टीम लीड आता तुम्हीच सांभाळा. चेतनाचं सोमवारी बघू. एवढ्या चुकीनंतर तिला ठेवणं कठीण आहे.” पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते असं आयतं हातात आलं. सुंठीवाचून खोकला गेला! केबिनमधून बाहेर पडताना मी हसत होते, खरं सांगते. मार्व्याला बोटीत बसले तोवर ते हसू कुठच्या कुठे गेलं होतं.

परवा फोनवर तू रडत म्हणालीस, “ताई, मी तुमच्या नोट्सप्रमाणेच केलं हो. कुठे चुकलं तेच कळत नाही.”

मला कळतं. पण आधी दुसरं सांगते.

पहिल्या दिवशी तू विचारलं होतंस, “मायक्रोवेव्ह म्हणजे डबा गरम करायचा ना?” अख्खं ऑफिस हसलं, मीही हसले. आपली मायक्रोवेव्ह म्हणजे विमान उतरवायची जुनी यंत्रणा, आता जगात मोजक्याच ठिकाणी उरलीय. देशोदेशींच्या छापील माहितीपुस्तकांतून ती उचलून कॉम्प्युटरच्या रकान्यांत नीट भरणारी अख्ख्या अंधेरीत मी एकटी, अशी माझी मिजास होती. सहा महिन्यांत तू माझ्याहून पटापट भरायला लागलीस. आपल्या फाइली जिथे जातात त्या परदेशी कंपनीतल्या बाई व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, “चेतना कुठंय?” अगं, मी समोर बसलेली असायचे ना! तुला लीड करणार हे मला सरांनी नाही, खालच्या चहावाल्याने सांगितलं. तू माझ्या डब्यातला बोंबील खाऊन “झकास!” म्हणायचीस आणि मला तो घास तुझ्या हातातून काढून घ्यावासा वाटायचा. एकदा आय म्हणाली, पोर तुझ्यापरीस हुशार आहे हां. त्या दिवशी मी जेवले नाही. जळत होते मी, चेतना. याला दुसरा शब्द नाही.

त्याच आठवड्यात तू माझी नोट्सची वही मागितलीस आणि मी झेरॉक्स काढून दिली.

पान सोळा तुला पाठ असेल. वर-खाली सांगणारी अँटेना ज्या टोकाशी उभी, त्याच टोकाला उतरणाऱ्या विमानाची. बरोबरच आहे ते. पण डावं-उजवं सांगणारीचं उलट असतं. ती उतरणाऱ्याच्या समोर, धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला उभी असते. तुझ्या फाइलमधल्या धावपट्टीचं एक टोक शून्य-नऊ, दुसरं सत्तावीस; म्हणजे ती उभी सत्तावीसच्या टोकाशी, आणि काम करते शून्य-नऊवर उतरणाऱ्याचं. तू ती सत्तावीसला जोडलीस. नुसतं पान सोळा वाचलं तर कुणीही तेच केलं असतं.

ते उलटं पान सतरावर आहे.

पान सतरा मला कुठल्या साहेबाने शिकवलेलं नाही. माझे बाबा होडी खाडीत घेताना समोरच्या काठावरच्या देवळाचा दिवा धरून यायचे. लहानपणी मी विचारलं होतं, दिवा तर त्या काठच्या लोकांचा, आपल्याला काय त्याचं? म्हणाले, “ते लोक घरी पोचलेले आहेत. दिवा आपल्यासाठी आहे.” पुढे या कामात अडले तेव्हा तेच आठवलं, आणि होडीचं चित्र काढून वहीत लिहून ठेवलं. तुला द्यायच्या वेळी वाटलं, सगळं तर घेतलं हिने, एवढं तरी माझं राहू दे. झेरॉक्सवाल्याला म्हटलं, हे पान नको.

दुसऱ्याच दिवशी तू विचारलंस, “ताई, सोळानंतर एकदम अठरा?”

मी म्हटलं, “माहीत नाही गं, मशीनने खाल्लं असेल.”

रकाना रिकामा सोडायचा तर कारण लिहावं लागतं, हे मीच तुला शिकवलं. लागू नाही, माहीत नाही, की राखून ठेवलंय. तुला मी खोटं कारण दिलं. राखून ठेवलं होतं.

अजून आहे. फाइल जायच्या दिवशी तपासणी माझ्याकडे होती. चूक मला पहिल्या मिनिटाला दिसली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी निघून आले. सरांनी न बघता पाठवली. त्या परदेशी कंपनीने वैमानिकांसाठी छापायच्या आधी पकडली म्हणून निभावलं. नाहीतर काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही.

आज सकाळी सरांना मेल केला. सगळं लिहिलं, पानाचा फोटोही जोडला. त्यांचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. सोमवारी केबिनमध्ये तुझ्याआधी मी जाणार आहे. माझं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. तू मात्र मान खाली घालून येऊ नकोस.

आणि माफी मागत नाही, कारण तू लगेच “जाऊ द्या ना ताई” म्हणशील. म्हणू नकोस. तू त्या खुर्चीत बसलीस की माझ्या पोटात पुन्हा दुखणार आहे, हेही आताच सांगून ठेवते.

सोमवारच्या आत तुला मिळावं म्हणून हे पत्र हातोहात पाठवतेय, सोबत मूळ पान फाडून. मागच्या बाजूला अठरा आहे, ते तुझ्याकडे आहेच. आयने तुझ्यासाठी बोंबील बांधून ठेवलेत. तू कधी येणार विचारते. तिला काय सांगू ते तू ठरव.

तुझी ………
(रिकामं सोडलंय. कारण: माहीत नाही. या वेळी खरंच.)

विनिता