जिल्ह्याने सुचवायचे एकच नाव

वार्डो, २९ सप्टेंबर

चि. योरुन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी, हिल्मार पेर्सेन, वय चोपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, पक्षाच्या फिनमार्क जिल्हा मंडळाचा चिटणीस, हे पत्र मंडळाच्या सूचनेवरून लिहीत आहे. भावाचा मजकूर शेवटी येईल.

निवडणूक जिंकल्यामुळे ऑस्लोत आपल्या पक्षाचे मंत्रिमंडळ जुळवणे चालू आहे. पश्चिम किनाऱ्याचे किती, मध्य भागाचे किती, कामगार संघटनेतून कोण, स्त्रिया किती, हे सारे तोलून पाहिले जात आहे. उत्तरेकडे मत्स्यव्यवसाय खाते येईल असे दिसते. त्यासाठी आपल्या जिल्ह्याने येत्या शनिवारपर्यंत एकच नाव कळवायचे आहे. चर्चेत दोन नावे आहेत: महापौर रायडुल्फ आणि तू. आपल्यात पद कोणी मागत नाही. विचारले तर उपलब्ध आहे, एवढेच सांगतात. तेवढे लेखी कळव.

टेलिफोन करू नकोस. एक्स्चेंजवर ओल्गामावशी बसते. आईला मी काही सांगितलेले नाही. तरी काल तिने विचारले की मंत्री झाल्यावर राजाच्या भेटीला योरुनचा हिरवा कोट चालेल का. यावरून मावशीने काय काय ऐकले असेल ते समज.

प्रकृतीस जपावे.
हिल्मार

हामरफेस्ट, २ ऑक्टोबर

ती. हिल्मारदादास योरुनचा सा. न. वि. वि.

तुझी पदवी पत्रात वाचली, बरे झाले. एकोणपन्नास वर्षे तुझी बहीण आहे, पण विसरलेही असते.

मंडळासाठी उत्तर: पक्षाला गरज वाटल्यास मी उपलब्ध आहे. मंडळाचा मजकूर इथे संपला.

आता तुझ्यासाठी. दादा, मला हे पद हवे आहे. तोंडाने म्हणायची लाज वाटते, म्हणून लिहिते. कामगार संघटनेची अध्यक्ष होण्याआधी बावीस वर्षे मी मासे कापायच्या टेबलापाशी उभी होते. आमच्या बायकांची बोटे चाळिशीतच मिटेनाशी होतात. मासळी घेऊन ट्रॉलर आला की चौदा तास उभे राहा, नाही आला की घरी बसा. त्या खात्यात ट्रॉलरवाल्यांचे ऐकणारे पुष्कळ होऊन गेले. मासा कापलेली बाई एकदाही बसली नाही. मला तिथे बसून कामाच्या तासांचा कायदा करायचा आहे.

त्या टेबलापाशी अजून काम करणाऱ्या आसलाउगला मी नुसती कुणकुण दिली. ती म्हणाली, बये, राजाशी हात मिळवायच्या आधी चार दिवस लिंबू चोळ, नाहीतर बिचाऱ्याला वास लपवता यायचा नाही. हसली खूप, मग तोंड फिरवून डोळे पुसत बसली.

आईला सांग, कोट नवा घेईन. तुझी माया अशीच राहू दे.
योरुन

वार्डो, ६ ऑक्टोबर

चि. योरुन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल मंडळाची सभा झाली. आम्ही नऊ जण. तुझे नाव निघताच, सख्ख्या बहिणीच्या बाबतीत भावाने बसणे योग्य नाही असे सांगून मी बाहेर गेलो. मते चार आणि चार पडली. अध्यक्ष ओडगाइर यांनी निर्णायक मत रायडुल्फला दिले. नंतर मी कोट अडकवायच्या जागी उभा असताना तेच बाहेर आले आणि म्हणाले, अरे बाबा, तू बसला असतास तर काम झाले असते की.

आणखी एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. ऑस्लोला नाव कळवताना, तिचा भाऊच बसला नाही, असे ओडगाइर यांच्याकडून बोलले गेले. त्यावर पलीकडून विचारणा झाली की बाईंमध्ये नेमकी काय खोट आहे.

मी शिस्तीने वागलो, हे तू समजून घेशील.
हिल्मार

हामरफेस्ट, १० ऑक्टोबर

हिल्मारदादास,

नमस्कार. नातलगाने बाहेर जावे हा नियम वसंतात तूच टंकलिखित करून सर्वांना पाठवलास. माझ्याकडेही प्रत आहे. तो नेमणुकीला आहे, शिफारशीला नाही.

इथे बायका मला काही विचारत नाहीत. त्यांचे न विचारणे जड जाते. आसलाउग एवढेच म्हणाली, तुझा भाऊ फार सज्जन दिसतो हो.

मला एकच सांग. आत बसला असतास, तर माझ्यासाठी हात वर केला असतास का?
योरुन

चि. योरुन हिस,

आज रेडिओवर ऐकले. राजाच्या भेटीनंतर पंधरा मंत्री फुले घेऊन राजवाड्यासमोर उभे राहिले. स्त्रिया तीन. उत्तरेचे दोन, त्यांत रायडुल्फ. सगळे तोलून मापून बसवलेले. आईने रेडिओ बंद केला आणि बटाटे सोलायला घेतले.

काल मी मंडळापुढे उभा राहून सांगितले की मी नियमामुळे बाहेर गेलो नव्हतो. तो नियम इथे लागू नाही, हे मला ठाऊक होते. तसे इतिवृत्तात लिहून घेतले. खोट तुझ्यात नसून माझ्या वागण्यात होती, असे ऑस्लोला माझ्या सहीने कळवले. चिटणीसपद सोडले.

आता तुझा प्रश्न. नाही. माझा हात रायडुल्फसाठी वर झाला असता. महापौर होण्याआधीची त्याची संसदेच्या समितीतली नऊ वर्षे कागदावर होती, आणि कागदावर असते तेवढेच मी धरतो. ते तुझ्या तोंडावर सांगावे लागू नये म्हणून मी बाहेर गेलो आणि त्याला शिस्त हे नाव दिले.

याहून वाईट पुढेच आहे. तुझे पत्र त्या दिवशी माझ्या खिशात होते. मंडळासाठीची ओळ मी वाचून दाखवली. बोटे, चौदा तास, तो कायदा, हे सारे खासगी म्हणून घडी घालून परत ठेवले. ते वाचले असते तर त्या चौघांपैकी एकाचा तरी हात हलला असता. कदाचित माझाही.

लोभ असावा, असे लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही, हे तू ठरव. तोवर ती जागा कोरी सोडतो.

हिल्मार पेर्सेन
वार्डो, १६ ऑक्टोबर