ॲम्प्लिफायरमधली डुबडुब

५ नोव्हेंबर
कागल सोडलं एकदाचं! शाहूपुरीत रत्नव्वाक्कांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला. सामान चढवायला त्यांचा थोरला, बसूअण्णा, न बोलावता आला. रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. मी घरी बनवलेला गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बघून म्हणाला, पावणं, हे काय कोंबड्यांचं खुराडं? माझी बायको वर्षाराणी पोट धरून हसली. सातवा चालू हाय तिला. दुपारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून बाळाचे ठोके ऐकवले. घोडं दुडक्या चालीनं पळावं तसे. मी तर येडाच झालो ऐकून.

८ नोव्हेंबर
ॲम्प्लिफायर लावला की घुंई करतो. गिटार काढून ठेवली तरी करतोच. आज सुट्टी, म्हणून उघडला. व्हॉल्व्हच्या तारांना पीळ घातला, अर्थिंगच्या सगळ्या तारा एका जागी आणून जोडल्या. घुंई गेली! वर्षाराणीला हाक मारून दाखवलं. तिनं विचारलं, फ्रिज बंद केलाय का तुम्ही? फ्रिज चालू होता. आत बर्फही होता. आवाज तेवढा गेला होता.

११ नोव्हेंबर
घुंई गेल्यावर कडकड ऐकू यायला लागलेली. एक जुना रेझिस्टर तापला की तडतडायचा, तो बदलला. साफ झालं. संध्याकाळी वर्षाराणीनं फोडणी टाकली. मोहरी उडताना मी डोळ्यांनी बघितली. आवाज न्हाय. भाजीला चव नेहमीचीच. सर्दीनं कान बसले असतील, म्हणाली. मी व्हय म्हणालो. भ्यायला पाहिजे होतं खरं तर. काहीच वाटलं न्हाय. दोन भाकरी खाल्ल्या.

१२ नोव्हेंबर
तळाला एकच आवाज उरलाय. डुबडुब, डुबडुब. उपाय सोपा हाय: मोठा कंडेन्सर म्हातारा झालाय, तो बदलायचा. नवा आणलाय. सोल्डरगन तापवली आणि ओळखलं. दवाखान्यातल्या ठोक्यांची चाल ही. तेवढ्यात वर्षाराणी म्हणाली, बघा की, कसं लाथा मारतंय. त्याच वेळी डुबडुब वाढली. गन बंद केली. घुंईबरोबर फ्रिजचा आवाज गेला, कडकडीबरोबर मोहरीचा. कंडेन्सरला हात लावणार न्हाय आता.

१५ नोव्हेंबर
वर्षाराणीला सांगता येत न्हाय. पोटुशीपुढं असलं काही बोलायचं नसतं, आईनं बजावलंय. ॲम्प्लिफायर दिवसभर चालू ठेवतो. ती वैतागते, डोकं उठतं म्हणते. आज बंद करायला गेली तर ओरडलो तिच्यावर. रडली. मला रडूही येत न्हाय.

१८ नोव्हेंबर
कामावरनं आलो. घर गप्प.
वर्षाराणी दारातच, खूश. मला चकित करायचं होतं तिला. बसूअण्णाला वर बोलावलं. त्यानं चहा पिता पिता नवा कंडेन्सर बसवला. पैसे घेतले न्हाईत. शेजारी हाय की, म्हणाला.
जुना कुठाय? कचऱ्याच्या गाडीत गेला.
नवा उपटला. परत लावला. डुबडुब न्हाय.
तिच्या पोटाला कान लावला. न्हाय. तिला वाटलं लाडात आलोय. केसांतनं हात फिरवत बसली.

१९ नोव्हेंबर
दवाखाना. बाळानं रात्री लाथ मारली का, मी तिला विचारलं. आठवत न्हाय म्हणाली.
फ्रिज चालू हाय. मोहरी तडतडली न्हाय, पण फोडणी बसली होती. आवाज तेवढाच जातो. तेवढाच —
डॉक्टरीणबाई पोटावर मशीन फिरवतायत. इकडं. खाली. परत इकडं. वर्षाराणीनं विचारलं, ठोके का येईनात? मशीन जुनं झालंय, म्हणाल्या —
सोनोग्राफीला आत घेतलं. मलाही या म्हणाल्या. लिहीत ऱ्हायलोय, नायतर हात काय करतील —
डोकं दिसतंय. बोटं. छाती — हलतंय का —
बाईंचा हात थांबला. पडदा आमच्याकडनं पलीकडं फिरवला —