चुकीच्या उत्तराचा वाटा

मी, सुकदेव नागनाथ बोरसे, वय चोपन्न, व्यवसाय संस्कृत शिक्षक, राहणार डिंडोली, सुरत, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास पत्नीला विचारू नये. मरणाची घाई नाही. पण "आयत्या वेळी अभ्यास करू नका" असं जन्मभर सांगून मृत्युपत्र मात्र आयत्या वेळी करणं मला शोभणार नाही.

१. डिंडोलीचं घर पत्नी धुरपदाबाई यांना, पूर्ण मालकीने. मुलगा गजेंद्र रिंगरोडला साड्यांच्या दुकानात आहे. पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान काढायचं झालं, तर त्याने आईला विचारावं. आई "बघू" म्हणाली, तर नाही असं समजावं.

२. पोस्टातली शिल्लक गजेंद्र आणि मुलगी योगिता यांना सारखी. सायकल गजेंद्रला. तो ती घेणार नाही, पण नको म्हणण्याचा हक्क त्याच्याकडे राहील.

३. आता माझा संस्कृतचा टपाल-वर्ग. लिंबायत-कोसाडच्या लूम कामगारांची मुलं आणि सुना बाहेरून दहावीला बसतात. त्यांना मी पाठ पाठवतो, त्यांची उत्तरं येतात, मी तपासून परत धाडतो. नवा पाठ आधी धुरपदाबाईंना द्यायचा. त्या मध्येच उठल्या, तर खोट पाठात, असा आमचा नियम.

माझे सहकारी नरेंद्र सोनवणे यांना हे अशास्त्रीय वाटतं. पाठ कसा रचावा याच्या त्यांनी पुस्तकातून पाच पायऱ्या आणल्या: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमल, मूल्यमापन. आमच्या मीमांसकांचीही पाचच अंगं: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तोच पूर्वपक्ष, खोडायचं ते पुरतं ऐकून घेतल्यावर. मी विचारलं, "नरेंद्रराव, तुमच्या पायऱ्यांवर शिकणाऱ्याने तोंड उघडायचं कुठे?" म्हणाले, "मूल्यमापनात." म्हणजे सगळं आटोपल्यावर.

योगिताने यंदा माझे पाठ कॉम्प्युटरवर चढवले. लिंबायतच्या कॉम्प्युटर क्लासात ते इंटरनेटवर दिसतील म्हणे. नियमाप्रमाणे आधी धुरपदाबाईंना कॉम्प्युटरसमोर बसवलं. उत्तर चुकलं की लाल फुली आणि 'टूं' असा आवाज. दुसऱ्याच 'टूं'ला त्या उठल्या. "हाई डबडं माले हाकली ऱ्हायनं का?"

म्हणून मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, की योगिताने ती फुली हटवली नाही तर वर्ग नरेंद्ररावांकडे जावा. मसुदा घरात वाचून दाखवला. नेमक्या या कलमाशी धुरपदाबाई पुन्हा उठल्या. "आते तुम्हीच पोरले हाकली ऱ्हायनात. इचारं का तिले, काबरं म्हनीसन?"

विचारलं.

योगिता म्हणाली, "बाबा, तुमचा तपासलेला पाठ पंधरा दिवसांनी पोचतो. तोवर कोसाडची राखी चूकच पाठ करून बसलेली असते. तिला तिथल्या तिथे कळायला हवं. 'टूं'चं मला कौतुक नाही, तो मशीनमध्ये आयताच होता."

पूर्वपक्ष बिनतोड होता.

निर्णय: टपाल-वर्ग, पाठ आणि विद्यार्थ्यांसकट, योगिताला. बिनशर्त. उत्तर चुकल्यावर आता फुली आणि 'टूं'ऐवजी "असं का वाटलं?" हा प्रश्न येतो, आणि लिहून झालं की लगेच खुलासा. हे तिने आपण होऊन केलं. मी विचारलं, "एवढ्या सगळ्यांचं 'का' वाचणार कोण?"

"तुम्ही. म्हणून म्हणते, त्या मृत्युपत्राची घाई करू नका."

४. नरेंद्ररावांना काही ठेवत नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, असं वकील सांगतात. नाहीतर आमचा वाद मी त्यांनाच दिला असता.

हे मृत्युपत्र सुधारून धुरपदाबाईंना पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. त्या उठल्या नाहीत. सबब सही करतो.

डिंडोली, सुरत
ता. १४ नोव्हेंबर १९९९

सुकदेव नागनाथ बोरसे

साक्षीदार:
१. प्रमिलाबाई धुडकू महाजन, शेजारी
२. नरेंद्र सोनवणे (सही आमच्यासमोर झाली. पायऱ्यांचा क्रम बरोबर उतरवला आहे. टीका मान्य नाही.)