हळदीचा रणगाडा

१४ सप्टेंबर, रविवार
आजपासून मी गार्गीच्या टीममध्ये. गेम लढाईचा. त्यांच्यातला एक जण कंपनीच्या कामाला परदेशी गेला, म्हणून पुण्याहून लेकीचा फोन, "आई, नुसती बसायला ये." तिचा जुना लॅपटॉप गणपतीत इथेच राहिला होता. त्यावरचं फडकं काढलं.
काम सोपं. टेकडीवर दुर्बीण घेऊन बसायचं आणि खालून जाणारी गाडी आपली की शत्रूची ते सांगायचं. गोळी झाडायची नाही, म्हणजे पापही नाही. जो मरतो त्याचा आवाज बंद होतो. टेकडीवरचा सहसा मरत नाही. फोनवर "जेवलीस का, ठेवते" एवढंच म्हणणारी पोरगी आज कितीतरी वेळ बोलली. ऑफिस, घरमालकीण, केस गळतात, सगळं.
पाच ऑक्टोबरला स्पर्धा. तोवर जमलं तर टेकडी कायमची माझी, असं कॅप्टन हर्षल म्हणाला. जमणारच. जानेफळच्या स्टँडवर धुळीतून येणारी गाडी कोणाची, ते मी हॉर्नवरून सांगते.

१६ सप्टेंबर
एकाही रणगाड्याला नंबरप्लेट नाही. एमएच २८ असलं तर आपली, नसलं तर परकी, मिटलं असतं. सगळ्या गाड्या एकजात शेणामातीच्या रंगाच्या. गार्गीने फोटो पाठवले. शत्रूच्या रणगाड्याचं डोकं चपटं, आपल्याचं चौकोनी. शत्रूच्या ट्रकला आठ चाकं, आपल्याला सहा. पोळ्या लाटता लाटता पाठ. मॅट्रिकला इतिहास असाच केला होता.

२१ सप्टेंबर, रविवार
अमावस्येला खेळायलाच नको होतं. शेतात मोठी गाडी उभी, पुढे दात, बाजूला लांब नळी. मी "शत्रू!" म्हणून ओरडले. हर्षलने होतं ते एकमेव रॉकेट सोडलं. हार्वेस्टर निघालं.
आता सोयाबीनच्या दिवसांत मला हार्वेस्टर ओळखू येत नाही असं नाही. पण भर लढाईत कोणी हार्वेस्टर वावरात सोडून जातं का? गेम करणाऱ्यांनी शेती केलेली दिसत नाही.
हे दारातूनच म्हणाले, "किती पोते झाले वं?"

२५ सप्टेंबर, गुरुवार
नवरात्राचे उपास आहेत, तरी सराव चालू. चष्म्याचा नंबर वाढला असेल, पण काचा चांगल्या आहेत. साबणाने धुतल्या. नवा कशाला?

२८ सप्टेंबर, रविवार
आज ट्रकची आठच्या आठ चाकं मोजली. सांगितलं. हर्षलने उडवला. गार्गी नेमकी तेव्हा म्हणत होती, "आई, एक सांगायचं होतं. बाबांना बोलू नकोस. ऑफिसात एक सोहम आहे, त्याच्या..." आणि रेंज गेली.
नंतर फोन आला. "आई, मी होते त्या ट्रकमध्ये."
ट्रकच्या मागे एक गाडा जोडलेला होता, त्याची दोन चाकं मी धरली. मोजताना काही सोडायचं नाही ही माझी सवय, त्याला मी काय करू? सोहमचं काय, विचारलं. "नंतर," म्हणाली.
हे म्हणाले, "नवरात्रात आपल्याच पोरीले जाळलं वं तू!"

२ ऑक्टोबर, दसरा
स्कूटी, मिक्सर, विळी, लॅपटॉप, सगळ्यांची पूजा. स्कूटीला झेंडूचा हार घालताना एकदम सुचलं. पूजा केलेली गाडी लांबून ओळखू येते! गेममध्ये गाडीला रंग देता येतो. लगेच फोन लावला.
हर्षल म्हणे, "काकू, लढाईत लपायचं असतं."
म्हटलं, "आपलीच गाडी आपण काऊन लपवायची?"
गार्गी म्हणाली, "दे ना रे रंग. निदान मला जाळणार तरी नाही."
रणगाडा हळदीसारखा पिवळा, नळीला केशरी पट्टे, समोर कुंकवाची पाच बोटं. डोळे निवले.

५ ऑक्टोबर, रविवार
स्पर्धा. आज एकही चूक नाही. आपला रणगाडा मी डोंगरापलीकडूनही ओळखला. शत्रूनेही ओळखला.
हरलो. गार्गी आधीच गेली, त्यामुळे बोलणं नाही. मला दिलेले धुराचे डबे मात्र सहाच्या सहा शिल्लक. हर्षल म्हणाला, "काकू, फेकले असते तर आम्ही लपलो असतो." म्हटलं, आत्ताच संपवले तर पुढे काय? म्हणाला, "पुढे काही नव्हतं, काकू."
पोराला काटकसर माहीत नाही.

७ ऑक्टोबर
हर्षलचा मेसेज. मी टीममध्येच! टेकडीवर नवा मुलगा बसेल. मी पिवळा रणगाडा घेऊन एकटीने सगळ्यांच्या पुढे जायचं. म्हणजे बढतीच. देवापुढे साखर ठेवली.
ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "वावरातलं बुजगावणंही सगळ्याइच्या पुढेच राह्यते वं." जळतात.

१२ ऑक्टोबर, रविवार
ठरवलं होतं, आज सोहमचं विचारायचंच. रणगाडा काढला. समोर ओळीने गाड्या. चपटी डोकी, आठ चाकं. एकूण एक ओळखल्या! सांगणार, तेवढ्यात गार्गी म्हणाली, "आई, जेवलीस का?"
"हो" म्हणायच्या आत उडाले.
आवाज बंद. चित्र तेवढं दिसत होतं. टेकडीवरच्या मुलाचं नावही सोहमच लिहिलेलं. दुसरा असेल, पुण्यात पुष्कळ सोहम. गार्गीचा ट्रक मात्र त्या टेकडीखाली जो उभा राहिला, तो शेवटपर्यंत हललाच नाही. लढाई एकीकडे, ही भलतीकडे. जागा चुकते आहे तिची, सांगायला हवं होतं.
शेवटी पंखा बंद करून भाजी निवडायला घेतली.